दारातले पायपुसणे : त्याची निवड व निगा

वह्या, पुस्तके, छत्र्या यांची खरेदी करावयाची असली म्हणजे पालक चार दुकाने हिंडतात, माल उलटसुलट करून पाहतात, आणि मगच पैसे मोजतात. परंतु दारात घालावयाचे पायपुसणे मात्र हाती येईल ते उचलून आणले जाते, किंवा फाटक्या गोणपाटाची घडी उंबऱ्यापाशी टाकून काम भागविले जाते. ज्या वस्तूवर घरातील प्रत्येक माणूस दिवसातून अनेक वेळा पाय ठेवतो तिच्याविषयी इतकी उदासीनता का असावी? ही वस्तू कोणती घ्यावी, ऋतुमानाप्रमाणे तिची निगा कशी राखावी, व ती नीट नसली तर तिचे ओझे कोणावर पडते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम शेवटचा प्रश्न घेऊ. सप्टेंबर महिन्यातील एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. रात्रभर पाऊस पडून गेला आहे. शाळा झाडणाऱ्या मावशी उजाडण्यापूर्वीच येऊन व्हरांडा व वर्ग पुसून गेल्या आहेत. शहाबादी फरशी आरशाप्रमाणे लकाकत आहे. इतक्यात घंटा होते, आणि मैदानावरून तीनचारशे मुले धावत आत येतात. पाच मिनिटांत त्या फरशीवर काळ्या चिखलाचे पट्टे उमटतात. मावशींना पुन्हा बादली भरावी लागते, पुन्हा गुडघे टेकावे लागतात. आपण पाय पुसण्यास जो क्षण दिला नाही, त्याची भरपाई दुसऱ्या कोणीतरी अर्धा तास वाकून केली. घरी हीच भरपाई बहुधा आई करते. म्हणून पायपुसणे ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. दुसऱ्याच्या श्रमांची जाणीव ठेवण्याचे ते एक साधन आहे.

पूर्वीची रीत

कोणी म्हणेल, आपल्या वाडवडिलांच्या घरी पायपुसणी कोठे होती? हे खरे, परंतु त्यांचे काम दुसऱ्या रीतीने होत असे. वहाणा अंगणात काढीत. ओट्यापाशी पाण्याचा तांब्या किंवा घंगाळ भरलेले असे. बाहेरून आलेला मनुष्य पाय धुऊन मगच ओसरीवर चढे. पहाटे अंगणात सडा पडे, त्यामुळे धूळ बसून राही. पाहुण्यास प्रथम पाय धुण्यास पाणी द्यावयाचे हा शिष्टाचार आपल्याकडे होता, तसाच तो धुळीच्या वाटांच्या पॅलेस्टाईन देशातही होता. तेथे दुसऱ्याचे पाय धुणे हे चाकराचे काम समजले जाई. प्रभू येशूने आपल्या शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय स्वतः धुतले, ही कथा योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आपण वाचतो. स्वच्छतेचे कोणतेही काम हलके नाही, हा धडा त्याहून अधिक स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

आता शाळा, कचेऱ्या, दवाखाने, दुकाने येथे लोक पादत्राणांसह आत येतात, आणि प्रत्येकाचे पाय धुण्याची सोय तेथे होऊ शकत नाही. ही उणीव भरून काढण्यास पायपुसणे हवे. तथापि घरी पाय धुण्याची जुनी रीत टाकू नये. पायपुसणे हे तिचे साहाय्यक होय, तिच्या जागी आलेले बदली नव्हे.

आपल्या जिल्ह्याची माती

आपला अहमदनगर जिल्हा, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, तो पर्जन्यछायेत मोडतो. पश्चिमेस अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या आसपास, घाटघर व रतनवाडीकडे पाऊस धो धो कोसळतो. परंतु नगर शहराच्या बाजूस वर्षाचा पाऊस सरासरीने सुमारे ५५० ते ६०० मिलिमीटर इतकाच, आणि त्यातील मोठा भाग सप्टेंबरात पडतो. म्हणजे आपल्याकडे चिखलाचे दिवस थोडे व धुळीचे दिवस पुष्कळ. जो मनुष्य केवळ पावसाळ्याचा विचार करून पायपुसणे घेतो, तो वर्षाच्या मोठ्या भागाचा विचारच करीत नाही.

दुसरी गोष्ट मातीची. गोदावरी व प्रवरा यांच्या खोऱ्यांतील काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण अत्यंत सूक्ष्म असून ते पाणी शोषून फुगतात. म्हणूनच ती ओली असताना वहाणेच्या तळाला थरावर थर चिकटते, आणि वाळली म्हणजे आकसून तिला भेगा पडतात. पारनेर व संगमनेरकडील माळरानाची मुरमाड जमीन निराळी. तिचे खडे तळाला फारसे चिकटत नाहीत, पण फरशीवर घासले जाऊन ओरखडे काढतात. यावरून निष्कर्ष असा की, चिकट मातीस खरवडणारे पायपुसणे हवे, खड्यांस झटकणारे, व ओलाव्यास शोषणारे. ही तिन्ही कामे एकच वस्तू सारख्याच चांगल्या प्रकारे करू शकत नाही.

साधनांची परीक्षा

काथ्या : नारळाच्या सोडणापासून निघणारा हा धागा राठ असतो व सहजासहजी कुजत नाही, कारण त्यात लाकडास कठीणपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. केरळातील आलेप्पी येथे जेम्स डॅरा याने १८५९ साली काथ्याची पायपुसणी व चटया विणण्याचा पहिला कारखाना काढला, आणि तेथील माल समुद्रापार जाऊ लागला. खरवडण्याच्या कामी काथ्यासारखा दुसरा धागा नाही. परंतु तो पाणी फारसे टिपून घेत नाही.

वाख : आपल्या जिल्ह्यात शेताच्या बांधांवर व माळांवर जे घायपात दिसते, ते मूळचे मेक्सिकोकडील. त्याच्या पानांतून निघणाऱ्या वाखाचे दोर वळतात; तेच दोर वेटोळे करून शिवले म्हणजे उत्तम पायपुसणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड रिचर्ड विन्झर यांनी शेजारच्या शिरूर येथील उद्योगशाळेत याच वाखाचा उद्योग मुलांस शिकविला. वाख बळकट व स्वस्त आहे. मात्र फार दिवस ओला राहिला तर तो काळा पडून कुजतो.

ताग व गोणपाट : हे ओलावा टिपते, परंतु ताग भिजला म्हणजे दुबळा होतो व लवकर कुजतो. पावसाळ्यात चार दिवस अडचण भागविण्यापुरतेच त्याचे महत्त्व.

सूत व चिंध्या : कापसाचा धागा पाणी उत्तम टिपतो, आणि तागाच्या उलट, भिजल्यावर अधिक बळकट होतो, म्हणून तो वारंवार धुण्यास योग्य. जुन्या सुती लुगड्याच्या चार बोटे रुंदीच्या पट्ट्या फाडून त्यांची तिपेडी वेणी घालावी, ती वेटोळी करीत दाभणाने व जाड दोऱ्याने शिवावी. ज्या घरी गोधड्या शिवल्या जातात, त्या घरी हे पायपुसणे करावयास एक पैचाही खर्च येत नाही.

लोकर : धनगरांच्या घोंगडीचा जुना तुकडा थंडीत आतल्या दारापाशी ऊबदार वाटतो. तो ओल्या पायांसाठी मात्र नव्हे. आणि त्यास कसर लागते, हे विसरू नये.

रबर व प्लॅस्टिक : हे धुण्यास सोपे व घसरण्यास प्रतिबंध करणारे; पण ओलावा टिपण्याच्या कामी निरुपयोगी. उन्हात फार दिवस राहिल्यास त्यांस चिरा पडतात.

यावरून निवडीचा नियम सहज ध्यानात येईल. दाराबाहेर राठ, दाराच्या आत मऊ. बाहेर काथ्याचे किंवा वाखाचे, आत सुताचे. शाळेसारख्या ठिकाणी याच्याही पुढे पायरीपाशी चिखल खरवडण्याची लोखंडी पट्टी किंवा जाळी असावी. जुन्या बंगल्यांच्या पायऱ्यांवर अशी पट्टी बसविलेली कित्येकांनी पाहिली असेल. लांबीविषयी नियम असा की, आत येताना प्रत्येक पाय पायपुसण्यावर निदान दोनदा टेकावा. घरी तेवढी जागा नसते, म्हणून घरी उभे राहून पाय पुसावे. शाळेच्या व्हरांड्यात मात्र सहा-सात फुटांची पट्टी अंथरणेच इष्ट. दार उघडताना त्याखाली अडकणार नाही इतकीच जाडी असावी. वळलेला कोपरा व सरकणारे पायपुसणे ही दोन्ही म्हाताऱ्या माणसांची वैरी होत. गुळगुळीत फरशीवर आजीचा पाय घसरला तर खुब्याचे हाड मोडण्यास क्षण पुरतो. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या खालच्या बाजूस शिवल्या तर हे संकट पुष्कळसे टळते.

ऋतुमानाप्रमाणे निगा

पावसाळा. या दिवसांत पायपुसण्याचा शत्रू चिखल नसून ओल आहे. ओले पायपुसणे तसेच पडू दिले तर त्यास बुरशी येते, कुबट वास सुटतो, आणि ज्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत त्याच्या पायांची बुरशी त्याच कापडावरून दुसऱ्याच्या पायास लागू शकते. म्हणून आतली सुती पायपुसणी निदान दोन असावी : एक दारात, एक दोरीवर. रोज रात्री दारातले उचलून वाळत टाकावे. चिखल्या झालेल्याने पायपुसण्यावर अनवाणी पाय न पुसता ते साबणाने धुऊन आपल्या स्वतंत्र फडक्याने, बेचक्यांसह, कोरडे करावे. काथ्यावर बसलेला काळा चिखल ओला असताना घासू नये. घासल्याने तो धाग्यांत अधिकच शिरतो. तो वाळू द्यावा, मग उलटे करून काठीने झोडपावे. ढेकळे आपोआप गळतात. मातीच्या भुईवर पायपुसणे अंथरले असेल तर ते रोज उचलून पाहावे, कारण ओलसर, अंधाऱ्या जागी वाळवी लागण्यास वेळ लागत नाही.

येथे आरोग्याची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. अंकुशकृमीची पिल्ले ओल्या, सावलीच्या, विष्ठेने दूषित झालेल्या मातीत वाढतात व अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात. पायपुसणे त्यांस मारीत नाही. त्यांवर उपाय शौचकूपाचा वापर, पायात वहाण, व साबणाने पाय धुणे हेच. पायपुसण्याने घरात येणारी घाण कमी होते, एवढेच त्याचे काम. त्याहून अधिक विश्वास त्यावर टाकू नये.

हिवाळा. पाऊस संपून गवत वाळू लागले म्हणजे माळावरून येणाऱ्या मुलांच्या कपड्यांस व वहाणांस कुसळे चिकटतात, तळांत सराटे रुततात. ही सर्व पायपुसण्यात अडकून राहतात, आणि संध्याकाळी अनवाणी पाय ठेवणाऱ्या धाकट्या भावंडास टोचतात. म्हणून या दिवसांत झटकून भागत नाही. आठवड्यातून एकदा पायपुसणे उजेडात धरून, राठ कुंचल्याने एकाच दिशेने विंचरावे व सराटे हाताने वेचून काढावे. वेचलेले काटे व बिया अंगणात न फेकता चुलीत टाकाव्या; नाहीतर पुढल्या वर्षी तेच सराटे आपल्याच दारात उगवतील. घोंगडीचे तुकडे ऋतु संपताच उन्हात तापवून, झटकून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह गुंडाळून ठेवावे, व अधूनमधून उघडून कसर लागली नाही ना, हे पाहावे.

उन्हाळा. रस्त्यांवर घोटा बुडेल एवढा फुफाटा, दुपारी वावटळी, आणि घरात सर्वत्र धुळीचा थर, हा आपल्याकडील उन्हाळा. या दिवसांत पायपुसणे रोज झटकणे अवश्य आहे. धुळीने भरलेले पायपुसणे धूळ घेण्याऐवजी पायास धूळ देऊ लागते. झटकताना ते दारातच न झटकता वाऱ्याच्या दिशेने, माणसांपासून दूर न्यावे, व नाकास फडके बांधावे. ज्यास दम्याचा विकार आहे त्याने हे काम करू नये. आतले सुती पायपुसणे किंचित दमट करून पिळून टाकले तर बारीक धूळ त्यास चांगली चिकटते.

पण उन्हाळ्यात पाणी कोठे आहे? आपला जिल्हा दुष्काळाशी परिचित आहे. १९७२ चा दुष्काळ आजही वृद्धांच्या बोलण्यात येतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी पडलेल्या पावसाचा व वापरावयाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात, व त्याप्रमाणे पिके ठरवितात. तोच हिशोब घरातही मांडता येईल. भाजी धुतलेले पाणी दमट करण्यास पुरते; कपडे खळबळल्याचे शेवटचे पाणी सुती पायपुसणे धुण्यास पुरते. काथ्याचे व वाखाचे पायपुसणे उन्हाळ्यात धुऊच नये. झोडपावे व दोन्ही बाजूंनी ऊन द्यावे. रबराचे मात्र सावलीतच वाळवावे.

विद्यार्थ्यांकरिता दोन प्रयोग

वरील विधाने केवळ वाचून मान्य करू नयेत, पडताळून पाहावीत.

पहिला प्रयोग. सात दिवसपर्यंत रोज संध्याकाळी वर्गाचे पायपुसणे एका मोठ्या कागदावर झटकावे. पडलेली माती वाळवून प्रयोगशाळेच्या तराजूत तोलावी व वजन वहीत तारखेसह लिहावे. हा प्रयोग सप्टेंबरात व पुन्हा एप्रिलमध्ये करून दोन्ही आठवड्यांच्या बेरजा ताडून पाहाव्या. ही सर्व माती, पायपुसणे नसते तर, कोणाच्या तरी झाडूपुढे गेली असती.

दुसरा प्रयोग. काथ्या, गोणपाट व सुती कापड यांचे सारख्या आकाराचे चौकोनी तुकडे घ्यावे. प्रत्येक कोरडा तोलावा, पाच मिनिटे पाण्यात बुडवावा, टांगून ठिबकणे थांबल्यावर पुन्हा तोलावा. मग वाळेपर्यंत दर तासाने तोलीत जावे. पाणी अधिक कोणी घेतले, व आधी कोण वाळले? बाहेर कोणते व आत कोणते घालावे, या प्रश्नाचे उत्तर तराजूच देईल.

हे विणले कोणी?

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली. वाख काढणे, दोर वळणे, केरसुण्या बांधणे हे काम आपल्या गावोगावी पिढ्यानुपिढ्या मांग समाजाने केले. त्यांच्या हातचा दोर विहिरीवर चाले, गोठ्यात चाले, घरातल्या बाजेला चाले. परंतु तो वळणाऱ्या माणसास मात्र उंबऱ्याबाहेर उभे करीत. वस्तू आत घ्यावयाची व ती करणारा बाहेर ठेवावयाचा, असा हा उफराटा न्याय होता.

हा न्याय मोडण्याच्या कामी शाळांच्या दारांनी पुष्कळ केले आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगर येथे कार्य आरंभिले. पुढे येथेच मिस सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून जोतीराव फुले यांस समाधान वाटले, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा उघडली. जोतीराव व सावित्रीबाई यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. आणि ते ‘ज्ञानोदय’ १८४२ साली आपल्या नगरातच जन्मास आले होते. ती मुलगी तेव्हा आपल्या शाळेतील मुलींएवढीच, अवघी चौदा वर्षांची होती. जिच्या समाजास उंबऱ्याबाहेर उभे केले जात होते, ती शाळेचा उंबरा ओलांडून आत आली, व तिने लेखणी हाती घेतली.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, उद्या सकाळी शाळेच्या दारात याल तेव्हा क्षणभर थांबा. ज्या हातांनी ते पायपुसणे विणले त्यांची आठवण ठेवा, व ज्या हातांनी फरशी पुसली त्यांचीही. दोन्ही पाय नीट पुसा, आणि मागून येणाऱ्यासाठी बाजूला व्हा. पालकांनीही एवढे करावे की, घरचे पायपुसणे झटकण्याचे व वाळत घालण्याचे काम केवळ मुलीकडे न देता मुलाकडेही पाळीपाळीने द्यावे. उंबऱ्यापाशी माती थांबावी, माणूस कधीही थांबविला जाऊ नये. एवढे ज्यास समजले, त्यास पायपुसण्याचा धडा पुरता समजला असे म्हणावयास हरकत नाही.